सतरंज्या उचलण्याबद्दल

नमस्कार,

इंग्लंडमधल्या लीड्स क्लबचा रग्बी लीग खेळाडू रॉब बरो याच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि चांगलीच झणझणीत प्रतिक्रिया दिलीत, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच क्लबमध्ये १७ हंगाम काढणं हा गुण नव्हे, दुसरीकडून बोलावणं न आल्याची खूण आहे. लीड्ससारख्या जिंकणाऱ्या संघात कोणीही टिकून राहील. व्यावसायिक खेळाडूने पैसा बघावा, कारण निष्ठावंतांच्या नशिबी शेवटी सतरंज्या उचलणंच येतं. आणि बरोचं नाव झालं ते आजारामुळे, खेळामुळे नव्हे.

पैशाचं आधी बोलू. रग्बी लीग हा खेळ जन्मलाच मुळी पैशाच्या भांडणातून. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले वीसेक क्लब जमले आणि रग्बी युनियन या तेव्हाच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. सामना खेळण्यासाठी गिरणी किंवा खाणीतलं काम सोडून येणाऱ्या कामगाराची बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती आणि ती मान्य होत नव्हती. अशा खेळात जास्त पैसे देणाऱ्याकडे जाणं हे पाप कसं असेल? मीही तसं लिहिलेलं नाही. तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलता, खुशाल बदला. लीड्समधला बरोचा जोडीदार डॅनी मॅग्वायर २०१७च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे सुपर लीग या अव्वल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, सामनावीर ठरला आणि पुढच्या हंगामात हल केआर या दुसऱ्या क्लबकडून खेळला. मला त्यात काहीही वावगं दिसत नाही.

'बोलावणं आलं नसेल' हे मात्र पटत नाही. ग्रेट ब्रिटन आणि इंग्लंड या दोन्ही संघांकडून खेळलेला, ग्रँड फायनलच्या सामनावीराची हॅरी संडरलँड ट्रॉफी दोनदा, २००७ आणि २०११ मध्ये, मिळवलेला माणूस म्हणजे काही गिऱ्हाईक नाही म्हणून पडून राहिलेला माल नव्हे.

सतरंज्यांचा मुद्दा मात्र तुम्ही नकळत अगदी वर्मावर बोट ठेवून काढलात. बरोने त्या खरोखरच उचलल्या, आणि माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. २००७ मध्ये तो मॅग्वायरच्या जोडीने हाफबॅक होता, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्या दोघांपैकी एक. २०११ मध्ये ब्रायन मॅकडरमॉट प्रशिक्षक म्हणून आला. तेव्हा बरो तिशीच्या आत होता, ऐन भरात. आणि त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा राखीव बाक आला, जागाही बदलली. दुसऱ्या एखाद्या क्लबमध्ये सुरुवातीच्या तेरा खेळाडूंत त्याला सहज जागा मिळाली असती. हा गडी लीड्समध्येच राहिला आणि हुकरचं, म्हणजे टॅकलनंतर चेंडू उचलून पुढे खेळवणाऱ्याचं, काम नव्याने शिकला.

हे काम जरा जवळून बघायला हवं. रग्बी लीगमध्ये टॅकल झालेला, म्हणजे पकडून पाडलेला खेळाडू उठतो आणि पायाने चेंडू मागे सरकवतो. मागे वाकून उभा असलेला डमी हाफ, बहुतेकदा हुकरच, तो उचलतो. बचाव करणाऱ्या संघाला प्रत्येक वेळी दहा मीटर मागे पळत जाऊन पुन्हा रांग लावावी लागते. शंभर किलोंचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, वीस-पंचवीस मिनिटं हे करत राहिले की त्यांचे पाय जड होतात. नेमका तेव्हा बाकावरून साडेपाच फुटांहूनही बुटका, ताज्या दमाचा बरो मैदानात येई, चेंडू उचलून पास देण्याऐवजी स्वतःच सुसाट सुटे.

ओल्ड ट्रॅफर्डवरची २०११ची ग्रँड फायनल बघा. गुणतक्त्यात पाचव्या असलेल्या लीड्ससमोर सेंट हेलन्स. बरो बाकावरून आला. थोड्या वेळाने चेंडू हातात पडताच टॅकल करायला आलेल्या एकाच्या हाताखालून गुडघ्यात वाकून निसटला, रांग फोडली, शेवटी सगळ्यात मागे उभ्या असलेल्या फुलबॅक पॉल वेलेन्सला चकवलं आणि ट्राय केला, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. मी तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिलाय; ज्या उंचीवर तो वाकतो तिथपर्यंत त्या धिप्पाड लोकांचा हात पोचतच नाही. लीड्स ३२-१६ने जिंकलं आणि सामनावीर निवडणाऱ्या पत्रकारांनी एकजात सगळी मतं बरोला दिली. राखीव खेळाडूला! यालाच सतरंजी उचलणं म्हणत असाल तर तसं म्हणा.

अर्थात दर वेळी असं झालं नाही. २०१७ मध्ये कॅसलफर्डविरुद्धची त्याची अखेरची फायनल लीड्सने २४-६ने जिंकली, त्यात तो अगदी शेवटी शेवटी मैदानात उतरला. ते त्याचं आठवं सुपर लीग विजेतेपद. लीड्सकडून एकूण ४९२ सामने.

आजाराबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला स्नायूंवरचा ताबा हळूहळू जात जाणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं, जून २०२४ मध्ये ४१व्या वर्षी तो गेला, आणि लीड्समधला त्याचा जुना कर्णधार केविन सिनफील्डने त्याला उचलून मॅरेथॉनची शेवटची रेषा ओलांडली तेव्हा जगाने त्याला ओळखलं. तुम्हाआम्हालाही तिथूनच कळलं. पण वर सांगितलेलं सगळं निदानाच्या आधीच घडून गेलं होतं. लीड्सच्या स्टँडमधल्या लोकांना त्याची ओळख करून द्यायची गरज नव्हती.

राहिला 'जिंकणाऱ्या संघात कोणीही राहील' हा मुद्दा. २०१५ मध्ये तिन्ही मोठे किताब जिंकलेलं लीड्स पुढच्याच वर्षी नवव्या स्थानावर घसरलं आणि सुपर लीगमधली जागा राखण्यासाठी खालच्या विभागातल्या क्लबांशी झगडत बसलं. बरो होताच. तेवढ्याने समाधान होत नसेल तर त्या २०११च्या फायनलमधला समोरचा हुकर घ्या: जेम्स रोबी. सेंट हेलन्सने २००७ ते २०११ अशा लागोपाठ पाच ग्रँड फायनल गमावल्या. रोबी २००७ मध्येच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तरी हलला नाही. २०२३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच क्लबसाठी ५५१ सामने झाले होते, क्लबचा विक्रम. तुमची हरकत नसेल तर पुढचा लेख त्याच्यावर लिहितो. फक्त तो धडधाकट आहे, त्यामुळे त्याच्यासाठी दुसरं काहीतरी कारण शोधून ठेवा.