आकडा पेपरातला आणि आकडा रक्तातला

पाऊस लागला की आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या शाळेच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं, डेंग्यूचा आकडा खरा का खोटा. एकजण पेपरचं कात्रण टाकतो, दुसरा लगेच, "भावा आमच्या एका गल्लीतच ह्याच्या दुप्पट हायत, आकडा दाबलाय!" मी सिंगापुरात बसून वाचतो आणि मला वाटतं दाबायची गरजच नाही की, डेंग्यू झालेल्या चौघांतल्या तिघांना एकतर काहीच होत नाही नाहीतर जरा अंग दुखून जातं, ते कशाला रक्त तपासायला जातील? आमच्या आईला ताप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, गोळ्या खाल्ल्या, शेजारच्या काकूंनी दिलेला पपईच्या पानाचा रस प्याली, विषय संपला. ती कुठल्याच आकड्यात नाही.

मोजायचं तर जे आजारी पडले नाहीत त्यांचंही रक्त घ्यायला पाहिजे. डेंग्यू होऊन गेला की अंगात त्याच्याशी लढणारी आयजीजी अँटीबॉडी तयार होते, ती वर्षानुवर्षं रक्तात राहते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०१७-१८ ला १५ राज्यांत ५ ते ४५ वयाच्या १२,३०० जणांचं रक्त असं तपासलं, तर ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेलेला, शहरांत तर ७०.९ टक्के! पण हे झालं 'कधीतरी होऊन गेला', यंदा किती पसरला ते यातनं कळत नाही. त्याला युक्ती म्हणजे पोरं. सहा वर्षाच्या पोराच्या रक्तात सापडला म्हणजे तो गेल्या सहा वर्षांतलाच, मग आठ वर्षाची बघायची, दहा वर्षाची बघायची, टक्का कसा चढतोय त्यावरनं वर्षाचा वेग निघतो. हे कोल्हापुरात करायचं तर घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, दवाखान्यातली रांग धरून नाही.

आता म्हणाल, आला सिंगापूरचं कौतुक सांगायला. इथं घरात अळ्या सापडल्या तर २०० डॉलर दंड, वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले नर डास मुद्दाम सोडतात (त्यांच्याशी जोडी जमली की मादीची अंडी उबतच नाहीत), तरी २०२० ला ३५ हजारांवर केसेस झाल्याच. डास कमी म्हणून तरण्या पोरांत डेंग्यू होऊन गेलेलेच कमी, म्हणजे अंगात प्रतिकारही कमी, मग व्हायरसला रान मोकळं.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर गच्चीतलं बॅरल दाखवायला लावलं. टॉर्च मारल्यावर अळ्या वळवळत खाली गेल्या. म्हटलं ओतून टाक, आतनं घासून कोरडं कर.

"पाणी कधी येतंय कधी नाही, ओतून काय करू? तुझ्या सिंगापुरासनं नळ आणतोस काय?"

शेवटी तिनं पाणी गाळून घेतलं आणि बॅरलच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं, दोन पदरी.