शंभर ग्रॅमची भोगी

भोगीची भाजी ज्या बाईने पहिल्यांदा केली, तिच्या परसात नक्की मळा असणार. मळा असला की काही प्रश्नच नाही. जाता जाता मूठभर पावटे तोडायचे, दोन गाजरं उपटायची, चार वांगी ओच्यात टाकायची. तीच भाजी बाजारातून आणायची म्हटली की दहा जिन्नस, प्रत्येकी शंभर ग्रॅम, दहा विक्रेते आणि दहा वादावाद्या.

यंदा भोगी मंगळवारी होती. रविवारी सकाळीच आईंनी यादी माझ्या हातात ठेवली: सोलाणे, मटार, पावटा, वालपापडी, घेवडा, काटेरी वांगी, गाजर, शिवाय सुगडात घालायला बोरं, ओंब्या आणि उसाचे करवे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पक्क्या पुण्याच्या, गेल्या जूनपासून इंदुरात आमच्याकडे राहायला आल्या आहेत. नवऱ्याने यादीवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "मला मीटिंग आहे." रविवारी.

माझी पंचाईत वेगळी. मी जन्माने इंदूरची. होळकरांच्या मागोमाग जी मराठी मंडळी नर्मदा ओलांडून इकडे आली, त्यांच्यातलेच आमचे कोणी खापरपणजोबा. आमच्या घरात आरती मराठीत, भांडणं मराठीत, पण भाजीपाला मात्र हिंदीत, कारण तो विकणारा हिंदीत ओरडतो. मटारला आम्ही जन्मभर बटला म्हटलं, पेरूला जाम, शेवग्याला सुरजना आणि घोसाळ्याला गिलकी. घेवडा नावाची गोष्ट नेमकी दिसते कशी, हे मला छत्तीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. हे आईंना सांगायची सोय नव्हती. माझं मराठी आधीच त्यांच्या देखरेखीखाली आहे.

आमच्या वस्तीजवळ रविवारी हाट भरतो. आसपासच्या गावांतून शेतकरी येतात, आणि शेतकऱ्यांपेक्षा जास्त येतात ते पहाटे चोइथराम मंडीतून माल उचलून आणणारे. दोघांतला फरक ओळखायला सोपा. मंडीवाल्याकडे पंधरा भाज्या असतात, रंग बघून रचलेल्या, वर पाण्याचा शिपका, आणि टोमॅटोवर टोमॅटो इतका शिस्तीत की त्यातला एक उचलायचा म्हणजे धाडस. शेतकऱ्याकडे एकच भाजी असते. ती तो गोणपाटावर ओततो, शेजारी उकिडवा बसतो आणि विकायला आलोय की राखणीला, याचा चेहऱ्यावरून पत्ता लागू देत नाही.

आईंना अर्थातच शेतकऱ्याकडूनच घ्यायचं होतं.

सुरुवातच अडखळली. आईंनी एका ताईंना विचारलं, "भाजी कैसी दी?" त्यांनी लगेच मेथी, पालक आणि चवलईच्या जुड्या पुढे सरकवल्या. माळव्यात भाजी म्हणजे फक्त पालेभाजी, बाकी सगळी सब्जी. चवलई ऐकून आईंना चवळीच्या शेंगा आठवल्या, आणि हातात आला माठ. "ही चवळी नाही," आई. "चवलई ही है," ताई. दोघीही खरं बोलत होत्या. मी मध्ये पडून जुडी परत ठेवली आणि आईंना पुढे नेलं, तेवढ्यात हातगाडीवरून आरोळी आली:

"छोड़ ले लो, छोड़!"

आई थबकल्या. "सोडायचं की घ्यायचं? एकदा काय ते ठरव म्हणावं त्याला."

छोड म्हणजे हिरवा हरभरा, म्हणजेच यादीतले सोलाणे. गाडीवर घाटे लगडलेल्या डहाळ्यांच्या पेंढ्या होत्या आणि पुढ्यात सोललेल्या दाण्यांची टोपली. आईंनी टोपलीकडे बोट दाखवून शंभर ग्रॅम मागितले. गाडीवाला पोरगा विशीतला असेल. त्याने आधी आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तराजूकडे.

"अम्मा, सौ ग्राम में क्या होगा?"

"भोगी है," आई म्हणाल्या.

"कौन है भोगी?"

मी हात वर करणार होते.

पोराने टोपलीतले दोन ओंजळी दाणे कागदात बांधले आणि पुढे केले. "लो अम्मा, ऐसे ही ले जाओ. सौ ग्राम का क्या पैसा लूँ."

इथे त्या दिवसाचा घात झाला. माळव्यात 'ऐसे ही ले जाओ' हे वाक्य जेवायला बसलेल्याला आणखी एक बाफला वाढावा इतक्या सहज निघतं. ऐकणाऱ्याने हसायचं, घ्यायचं, पुढच्या वेळी त्याच्याकडूनच किलोभर घ्यायचं, झालं. पण आई पुण्याच्या. फुकट म्हटलं की त्यांची पाठ ताठ होते. "आम्ही कोणाचं फुकट घेत नाही," हे त्यांनी त्याला मराठीत सांगितलं, म्हणजे चांगलं ठणकावून कळावं म्हणून. आणि बटवा उघडून एक किलो घेतले.

बटल्याचा प्रसंग जरा निवांत सांगायला हवा. सिमरोलकडचा एक शेतकरी, डोक्याला पंचा, पुढ्यात हिरवागार ढीग. मी आईंना हळूच म्हटलं, "हा बटला." त्या म्हणाल्या, "बटाटा नको, मटार हवेत." मी म्हटलं, "तेच." त्या म्हणाल्या, "तेच कसं असेल?" शेवटी शेंग फोडून दाखवली. आईंनी दाणा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहराच बदलला. जानेवारीतला बटला असतोच तसा. नखाने शिवण उकलली की टचकन आवाज येतो, आत सात-आठ दाणे खेटून बसलेले, आणि दाताखाली आला की आधी पाणी, मग साखर.

"कैसा दिया?"

"सवा सौ धड़ी."

धडी म्हणजे पाच किलो. तो धडीनेच विकत होता आणि त्यात त्याचंही बरोबर होतं. ट्रॉलीत चौघांचा माल, ट्रॉली बाराला परत निघणार. पाव-पाव किलो मोजत बसला तर ढीग उरणार आणि ट्रॉली जाणार. त्याच्याकडे वजनंही तशीच होती, पाच किलोचं एक लोखंडी आणि दोन किलोचं एक. शंभर ग्रॅमचं वजन त्याने घरीच ठेवलं होतं, किंवा कधी घेतलंच नव्हतं.

आई म्हणाल्या, "सौ ग्राम."

त्याने ऐकलं नसावं. आईंनी पुन्हा सांगितलं. तो उठला, दोन्ही हातांची परात करून ढिगात घातली आणि ओंजळ आईंच्या पिशवीत रिकामी केली. "ले जाओ माताजी. घर की खेती है."

"पैसे?"

"अरे, इत्ते का क्या पैसा!"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तराजूत पाच किलोचं वजन पडलं होतं. आईंकडे सुट्टे नव्हते, म्हणून मी फोनवरून पैसे दिले. त्याच्या शेजारी ठेवलेल्या डबीने खणखणीत आवाजात जाहीर केलं की एकशे पंचवीस रुपये प्राप्त झाले आहेत. त्या अख्ख्या रांगेला कळलं. पुढच्या गाजरवाल्याने आम्ही तोंड उघडायच्या आधीच विचारलं, "दीदी, आधी धड़ी कर दूँ?" केली. अडीच किलो.

शेंगांच्या बाबतीत मात्र आईंना तोडीस तोड माणूस भेटला. त्याच्यापुढे एकाच जातीच्या दिसणाऱ्या तीन-चार तऱ्हेच्या शेंगा होत्या. आईंनी वालपापडी मागितली. तो म्हणाला, बल्लर. घेवडा मागितला. तो म्हणाला, वो भी बल्लर. पावटा मागितला. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "अम्मा, वो भी बल्लर ही समझो, पर दाने वाली नहीं है मेरे पास." आईंनी त्याला दहा मिनिटं समजावलं की वालपापडीची उसळ करत नाहीत, पावट्याची करतात, घेवड्याच्या शिरा काढाव्या लागतात, तिन्ही एक समजणं म्हणजे तीन जावांना एका नावाने हाक मारणं. तो शांतपणे मान हलवत राहिला. मी घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की हे तिन्ही एकाच वेलाचे प्रकार आहेत. वनस्पतिशास्त्र भाजीवाल्याच्या बाजूचं निघालं. आईंना मी अजून सांगितलेलं नाही. अर्धा किलो बल्लर मात्र घेतली, आई तिला काहीही म्हणोत.

सुगडं चटकन मिळाली. कुंभाराने "मराठी लोगों की मटकी ना?" म्हणून पाच काढून दिली, वाजवून दाखवली, बोलणं संपलं. बोरं, ओंब्या, ऊसही त्याच्याच बायकोकडे होते. इतक्या वर्षांत त्या दोघांनी आमचा सण पाठ केलाय. वांगी किलोभर. ती कशी झाली हे आता सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल. मांडूहून आलेला एक जण मखमली कवचाची लांबट फळं घेऊन बसला होता. मांडू की इमली, आपली गोरखचिंच. आईंनी मला विचारलं, "भोगीत घालतात का ही?" मी इतक्या जोरात "नाही" म्हटलं की तो दचकला.

आणि मग गराडू. यादीत नाव नाही, गरज नाही, पण आईंनी ते मातकट, वेडंवाकडं कंद पाहिलं आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अगं, हे तर कोनफळ!" सबंध हाटात पहिल्यांदाच त्यांच्या ओळखीचं कोणीतरी भेटलं होतं. गराडूवाल्याने साल खरवडून आत पांढरं दाखवलं. त्यांच्याकडचं जांभळं असतं, पण परदेशात गाववाला भेटल्यावर कोणी शर्टाचा रंग बघत नाही. दीड किलो. (दुपारी ते सोलताना "आम्हाला सवय आहे" म्हणून त्यांनी हाताला तेल लावलं नाही आणि मग संध्याकाळपर्यंत चिंचेच्या पाण्यात हात घालून बसल्या. तळून, वर लिंबू आणि जीरावन मसाला घातल्यावर मात्र खाज विसरल्या. पुण्याच्या बहिणीला फोन करून सांगितलं की इंदुरात कोनफळाला मान आहे.)

पन्नी कुठेच मिळाली नाही. आमचं शहर 2017 पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं, त्यामुळे प्लास्टिकची पिशवी मागितली तर भाजीवालाच आपल्याकडे खालच्या नजरेने बघतो. आणलेल्या दोन कापडी पिशव्या केव्हाच भरल्या होत्या. गाजरं माझ्या ओढणीत होती, ऊस आईंच्या काखेत. अशी वरात घेऊन आम्ही फाटकाशी रिक्षा बघत उभ्या राहिलो, आणि तिथे ती बसली होती.

एका चादरीवर तिने छोटे छोटे ढीग लावले होते. प्रत्येक ढिगात सोललेले बटले, छोडचे दाणे, चार-सहा बल्लर, दोन वांगी, एक गाजर, बोरं. आमच्या यादीची सगळी मुलं, प्रत्येक जण मूठभर.

"भोगीची भाजी घ्या काकू," ती चक्क मराठीत म्हणाली. "साठ रुपये ढीग."

मी आईंकडे बघितलं नाही. आईंनीही माझ्याकडे बघितलं नाही. मग त्यांची नजर ढिगातल्या फिकट, चपट्या दाण्यांवर गेली.

"पावटा!" त्या वाकून म्हणाल्या. "अगं, एवढाच राहिला होता. मला फक्त पावटा दे. शंभर ग्रॅम."

बाई हसली. तिने सगळ्या ढिगांतून चार-चार दाणे वेचले, मूठ भरली आणि हात पुढे केला.

"काकू, एवढ्याचे काय पैसे! अशीच न्या."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि साठ रुपये काढले.

घरी वजन केलं. साडेबारा किलो. माणसं तीन. भोगीची भाजी फर्मास झाली, बाजरीच्या भाकरीवर तिळकूट आणि लोण्याचा गोळा ठेवून आम्ही जेवलो, आणि उरलेला बटला आईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटला. अख्ख्या गल्लीत प्रत्येकीला पाव-पाव किलो. तरी सालपटांनी ओल्या कचऱ्याची बादली इतकी शिगोशीग भरली की कचरागाडीवरच्या भय्याने विचारलं, "दीदी, घर में शादी है क्या?"

गुरुवारी आईंना खजराण्याच्या गणपतीला जायचं होतं. सिटी बसमध्ये बसल्यावर मी त्यांना सांगितलं की आपला ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथला प्रकल्प 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा जिरवायच्या क्षमतेने सुरू झाला, त्यातून गॅस निघतो आणि त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. म्हणजे आपण बहुतेक आपल्याच बटल्याच्या सालींवर खजराण्याला चाललोय.

आईंना ते फार आवडलं. कंडक्टर आल्यावर त्यांनी त्यालाही सांगितलं, "इसमें हमारा मटर है. पाँच किलो."

कंडक्टरने गंभीरपणे मान डोलावली. "फिर तो अम्मा, आप ऐसे ही बैठ जाओ."

आईंची पाठ ताठ झाली आणि त्यांनी बटवा उघडला.