सिकदरांवर अन्याय झाला, पण फॉरवर्ड सांगतो तो नव्हे

मे महिना सरत आला की एव्हरेस्ट दिनाच्या निमित्ताने एक मजकूर व्हॉट्सॲपवर नेमाने फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: जगातलं सर्वांत उंच शिखर राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाने १८५२ साली शोधलं. ते धावत साहेबाच्या खोलीत गेले आणि म्हणाले, जगातलं सर्वांत उंच शिखर मला सापडलं! हा साहेब म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट. त्याने श्रेय लाटलं, शिखराला स्वतःचं नाव दिलं आणि 'सागरमाथा' हे प्राचीन नाव पुसून टाकलं. उंची नेमकी २९,००० फूट आली होती, पण ती अंदाजपंचे वाटेल म्हणून साहेबांनी त्यात दोन फूट घुसडले. आणि शेवटी हात जोडलेल्या चित्रासह: बिचारे सिकदर, सगळं निमूट सोसत राहिले.

यामागचा राग खोटा नाही. सिकदरांवर अन्याय झाला आणि तो छापील पुस्तकं समोर ठेवून दाखवता येतो. पण फॉरवर्डमध्ये नेमका तोच पुरावा नाही. आहेत त्या सहज खोडता येण्याजोग्या गोष्टी. त्या खोडल्या गेल्या की सिकदरांची खरी तक्रारही लोकांना थापच वाटू लागते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'एव्हरेस्टने श्रेय लाटलं'

तारखा पाहिल्या तरी हा मुद्दा टिकत नाही. जॉर्ज एव्हरेस्ट १८४३ साली सर्व्हेअर जनरलच्या, म्हणजे भारताच्या मोजणी खात्याच्या (सर्व्हेच्या) प्रमुखाच्या, पदावरून निवृत्त झाला आणि इंग्लंडला परतला. या शिखराची सर्व्हेच्या कागदांतली पहिली नोंद आहे १८४७ची. तेव्हा त्याला 'बी' हे एक अक्षर तेवढं दिलेलं होतं. 'शिखर क्रमांक पंधरा' ही ओळख नंतरची. म्हणजे शिखर सर्व्हेच्या दुर्बिणीत आलं तेव्हा एव्हरेस्टला देश सोडून चार वर्षं झाली होती.

नाव दिलं ते त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉने, मार्च १८५६च्या पत्रात. एव्हरेस्टने त्याला जाहीर हरकत घेतली होती. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत १८५७ साली त्याने सांगितलं की आपलं नाव हिंदीत लिहिता येत नाही आणि तिथल्या लोकांना उच्चारताही येणार नाही. (हा अंदाज किती चुकला ते आपण रोज पाहतो.) तरी १८६५ साली सोसायटीने तेच नाव पक्कं केलं. एव्हरेस्ट त्यानंतर वर्षभरात वारला.

याचा अर्थ तो भला माणूस होता असा नाही. तापट होता, हाताखालच्यांना फाडून खाणारा होता. पण त्याचं खरं काम या शिखराशी जोडलेलंच नाही, आणि ते आपल्या दारावरून गेलेलं आहे. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे त्रिकोणांच्या साखळीने भारत मोजण्याची मोहीम, सुरू केली विल्यम लॅम्टनने, १० एप्रिल १८०२ रोजी, मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी. साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे, मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा, असं करत उत्तरेकडे सरकायचं. लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढची जबाबदारी एव्हरेस्टवर आली. १८३० साली त्याने जो ग्रंथ छापला तो १८ ते २४ अंश अक्षांशांमधल्या कमानीच्या, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेच्या तुकड्याच्या, मोजणीचा. ती कमान बिदरकडून वऱ्हाड ओलांडून मध्य भारतात जाते. त्याच वर्षी त्याने काढलेल्या पृथ्वीच्या आकाराच्या आकड्यांवर आपल्याकडचे सरकारी नकाशे थेट एकविसाव्या शतकापर्यंत बेतले जात होते. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या नकाशांसाठी जागतिक प्रमाण आलं.

'सिकदर धावत साहेबाच्या खोलीत गेले'

कुठून कुठे? सिकदर १८४९पासून कलकत्त्याच्या कचेरीत मुख्य गणक होते. वॉचं बस्तान होतं डेहराडूनला. हजारभर मैलांचं अंतर धावत कापता येत नाही.

पण हा मुद्दा पूर्ण हवेतलाही नाही. सर्व्हेचाच अधिकारी सिडनी बरार्ड याने १९०४ साली 'नेचर'मध्ये लिहिलं की १८५२च्या सुमारास कलकत्ता कचेरीच्या मुख्य गणकाने वॉला कळवलं, की पंधरा क्रमांकाचं शिखर आजवर मोजलेल्या सगळ्यांपेक्षा उंच भरतंय. मुख्य गणक म्हणजे सिकदर. म्हणजे त्यांचा हात यात होता हे इंग्रज अधिकाऱ्यानेच छापून ठेवलंय, आणि त्यासाठी धावण्याच्या दृश्याची गरज नाही. चूक आहे ती 'एका क्षणात, एकट्याने' या कल्पनेत. १८४९च्या हिवाळ्यात जेम्स निकोल्सनने उत्तर बिहारच्या सपाटीवरच्या ठाण्यांवरून कोन घेतले, कारण नेपाळ दरबार सर्व्हेच्या माणसांना आत येऊ देत नव्हता. पुढे हिवतापाने त्याला काम सोडावं लागलं. मग डेहराडून आणि कलकत्ता इथे गणितं वर्षानुवर्षं चालली आणि आकडा जाहीर व्हायला १८५६ उजाडलं. ज्या आकड्याला इतकी वर्षं लागली तो एखाद्या दुपारी कोणाला अचानक 'सापडत' नसतो.

'२९,००० आली होती, दोन फूट घुसडले'

हा मुद्दा सर्वांत लाडका. गणिताच्या शिक्षकांकडूनही मी तो ऐकलाय. त्यासाठी ग्रंथालयात जायची गरज नाही, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरे. सहा ठाण्यांवरून आलेल्या उंच्या, फुटांत, अशा:

जिरोल २८,९९१.६
मिर्झापूर २९,००५.३
जोआफपती २९,००१.८
लदनिया २८,९९८.६
हरपूर २९,०२६.१
मिनाई २८,९९०.४

बेरीज १,७४,०१३.८. सहाने भागा. २९,००२.३ येतात. २९,००० येत नाहीत. दोन फूट कोणी घुसडले नाहीत, ते सरासरीतच होते. दशांश सोडून दिला, एवढीच काय ती 'लबाडी'.

ही दंतकथा इतकी चिवट का, याचं कारण ती विनोदी आहे हे असावं. पण तिच्यामुळे खरी गंमत झाकली जाते. वरचे आकडे पुन्हा पाहा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांत छत्तीस फुटांचं अंतर आहे. मोजणाऱ्यांना हे दिसत नव्हतं का? चांगलंच दिसत होतं, आणि त्याचं कारणही ठाऊक होतं.

जवळात जवळचं ठाणं शिखरापासून १०८ मैलांवर, म्हणजे सुमारे १७४ किलोमीटरवर होतं. एवढ्या लांबून पाहताना पृथ्वीच्या गोलाईमुळे डोंगराचा सुमारे २,४०० मीटरचा भाग नजरेच्या आडव्या रेषेखाली जातो. तो हिशेब सोपा आहे, भूमितीचा आहे. अवघड आहे ती हवा. शिखराकडून येणारा किरण पातळ थंड हवेतून दाट उबदार हवेत येताना वाकतो आणि शिखर असतं त्याहून वर दिसतं. किती वर, ते त्या दिवसाच्या तापमानावर, दाबावर, वेळेवर अवलंबून. या वाकण्यासाठी एक गुणक धरावा लागतो. १७४ किलोमीटरवर तो गुणक नुसता एक शतांशाने इकडेतिकडे झाला, तर उंची दीडशे फुटांनी बदलते. दीडशे! तिथे दोन फुटांवर वाद घालणारे आपण. सिकदरांचं आणि त्यांच्या बरोबरच्या गणकांचं खरं कसब या गुणकात होतं. बेरीज-भागाकार कोणीही केला असता.

आणखी एक गोष्ट त्यांच्या हाताबाहेरची होती. थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) ओळंब्याच्या आधारे समपातळीत आणतात, पण हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्यालाच आपल्याकडे ओढतं. हा गोंधळ उघड झाला तो याच सर्व्हेमुळे. कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांवरून काढलं तर एक येई आणि ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं, फरक ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). कलकत्त्याचा आर्चडीकन (चर्चचा वरिष्ठ अधिकारी) जॉन प्रॅट याने हिमालयाच्या ओढीचं गणित केलं, तर फरक जवळजवळ तिप्पट, १५.८८५ विकला यायला हवा होता. मग उरलेली ओढ गेली कुठे? जॉर्ज एअरीने १८५५ साली उत्तर सुचवलं, की डोंगरांना खाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात आणि ती जड थरावर तरंगल्यासारखी राहतात. भूशास्त्रात आज समस्थायित्व म्हणून शिकवतात ती कल्पना इथून निघाली. माझ्या मते या सर्व्हेचा सर्वांत मोठा वारसा शिखराची उंची नव्हे, तर हा न जुळलेला हिशेब आहे.

आणि तरीही २९,००२ आजच्या आकड्याच्या इतका जवळ कसा? नेपाळ आणि चीनने २०२० साली मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३२ फुटांच्या आसपास. उत्तर थोडं निराश करणारं आहे: हवेच्या गुणकातली चूक आणि ओळंब्याच्या ओढीकडे केलेलं दुर्लक्ष या दोन चुकांनी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून टाकलं. कसब होतंच. नशीबही होतं.

'सागरमाथा हे प्राचीन नाव पुसलं'

स्थानिक नाव डावललं गेलं, हे खरं. पण ते नाव सागरमाथा नव्हे. ते नेपाळी इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी विसाव्या शतकात सुचवलेलं आणि पुढे नेपाळ सरकारने स्वीकारलेलं. जुनं आहे ते तिबेटी नाव, चोमोलुंग्मा. पॅरिसला १७३३ साली निघालेल्या दाँव्हिल या फ्रेंच नकाशाकाराच्या नकाशात ते आढळतं, म्हणजे वॉच्या पत्राच्या सव्वाशे वर्षं आधी. वॉने मात्र लिहिलं की आपल्याला स्थानिक नाव सापडत नाही. त्याच पत्रात त्याने हेही कबूल केलं की प्रत्येक स्थळाला तिथल्या लोकांचंच नाव द्यावं अशी शिकवण आपल्याला एव्हरेस्टने दिली होती. गुरूची शिकवण गुरूच्याच नावाने मोडली. नावावरून चिडायचंच असेल तर वॉवर चिडावं, एव्हरेस्टवर नव्हे.

याच फॉरवर्डखाली कोणीतरी हमखास लिहितं, 'पण नकाशे तर इंग्रजांनीच दिले ना!' दिले नाहीत, विकत घ्यायला लावले म्हणा हवं तर. सर्व्हे सुरू झाला तो १७९९ला टिपूचा पाडाव झाल्यावर, नव्याने हाती आलेला मुलूख ताब्यात ठेवायला. आणि पैसा होता याच मुलखाच्या महसुलाचा. साखळ्या ओढणारे, मशाली धरून रात्रभर टेकड्यांवर बसणारे, तराईत तापाने गेलेले खलाशी (सर्व्हेचे मजूर) याच मुलखाचे. उपकरणं दुरुस्त करून पुन्हा उभी करणारे सय्यद मोहसीन अर्काटचे. त्यांना वर आणलं ते एव्हरेस्टनेच, इतकं त्यांच्यावाचून त्याचं अडत होतं. त्यांच्यावर मात्र एकही फॉरवर्ड नाही.

मग सिकदरांवर अन्याय झाला तो कुठे? कलकत्त्यात १८५१ साली सर्व्हे खात्याची मार्गदर्शिका निघाली, 'अ मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग फॉर इंडिया'. संकलक स्मिथ आणि थुइलियर. प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की त्यातली गणिताची आणि तंत्राची महत्त्वाची प्रकरणं बाबू राधानाथ सिकदर यांची आहेत. सिकदर १८७० साली वारले. १८७५ साली तिसरी आवृत्ती निघाली, तीत प्रकरणं राहिली आणि नाव गेलं. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजांच्याच पत्राने १८७६ साली याला मेलेल्या माणसाची लूट म्हटलं. ही चोरी दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणालाही दाखवता येते, आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही.

राहिलं 'बिचारे सिकदर निमूट सोसत राहिले'. पूर्ण मजकुरात मला सर्वांत खटकतं ते हेच. हा हिंदू कॉलेजातला, डिरोझिओ या बंडखोर शिक्षकाच्या वर्तुळातला तरुण. १८३१ साली सर्व्हेत लागला आणि एव्हरेस्टनेच त्याच्याबद्दल लिहून ठेवलं की हा सूत्रं नुसती वापरत नाही, ती तपासू शकतो. पुढे १८५४ साली त्यांनी प्यारीचंद मित्रांबरोबर बायकांना वाचता येईल अशा साध्या बंगालीत 'मासिक पत्रिका' काढली. आणि डेहराडूनला १८४३ साली, म्हणजे शिखराचा पत्ताही नसताना, मॅजिस्ट्रेट व्हान्सिटार्टने सर्व्हेच्या मजुरांना वेठीला धरून आपलं सामान वाहायला लावलं, तेव्हा सिकदरांनी ते सामान अडवून ठेवलं. खटला झाला, दोनशे रुपये दंड झाला. त्या खटल्याची सविस्तर हकिगत कलकत्त्याच्या 'बेंगॉल स्पेक्टेटर'ने छापली.