पाठपोट छापा, निवांत राहा

ज्यांना रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या झोप लागते, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे आणि घरातल्या माणसांशी ज्यांची बोलचाल अजून नीट चालू आहे, अशा सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी घरच्या प्रिंटरवर पाठपोट छपाई करून पाहावी. कागदाच्या एका अंगाला पान एक, मागच्या अंगाला पान दोन. बस, एवढंच. पाचवीतलं पोर वहीत हेच करतं. तुमच्याकडे तर चांगलं हजारो रुपयांचं यंत्र आहे.

मुहूर्त सप्टेंबरचा धरा. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० तारखेच्या आत उरकायची असते, १४ दिवस आधी नोटीस सभासदांच्या हातात पडावी लागते, आणि नोटिशीबरोबर अहवाल, ताळेबंद, मागच्या सभेचं इतिवृत्त असं सगळं बाड सचिवाने तयार करायचं असतं. सचिव कोण आणि कसा होतो, ते मी सांगायला नको. त्या मागच्या सभेतच कुणीतरी उभं राहून ‘कागदाची उधळपट्टी थांबवा, दोन्ही बाजूंनी छापा’ असा ठराव मांडलेला असतो. टाळ्याही पडलेल्या असतात. ठराव मांडणाऱ्याच्या घरी प्रिंटर नसतो.

बरं, त्यांच्या बाजूला मोठमोठी माणसं आहेत. सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा १ एप्रिल २०२० पासून दाखल होणारी कागदपत्रं ए-फोर आकाराच्या, किमान ७५ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या) कागदावर पाठपोट छापून आणायला सांगितली. न्यायालयात दोन्ही बाजू ऐकून घ्यायची पद्धत होतीच, आता छापायचीही आली. वकिलांकडे त्यासाठी कारकून असतात, हा भाग वेगळा.

तर प्रिंटर घेताना खोका वाचत बसू नका, दुकानदाराला विचारा. “दोन्ही बाजूंनी होतं ना?” “होतं की साहेब!” तो खोटं बोलत नाही. तुम्ही कागद उचलून, उलटवून, परत ट्रेमध्ये ठेवलात तर कुठल्याही प्रिंटरवर होतं. याला मॅन्युअल ड्युप्लेक्स म्हणतात. म्हणजे कागद उलटवायचं यंत्र तुम्ही स्वतः, पैसे कंपनीला. शहाणी माणसं जास्तीचे पैसे मोजून ‘ऑटो ड्युप्लेक्स’ असं स्पष्ट लिहिलेला प्रिंटर घेतात. मीही तोच घेतला. त्याच्याकडे येतोच, पण आधी हाताने उलटवण्यातला आनंद लुटा.

वर्डमध्ये ‘मॅन्युअली प्रिंट ऑन बोथ साइड्स’ निवडा. एका बाजूची पानं बाहेर पडली की ‘कागद काढून परत ट्रेमध्ये ठेवा’ असा निरोप पडद्यावर येतो. कसे ठेवा, ते निरोपात नसतं. छापलेली बाजू वर की खाली? पानाचं डोकं आत की बाहेर? गठ्ठ्याचा क्रम तोच ठेवायचा की फिरवायचा? तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे एकूण आठ प्रकार. त्यातला एक बरोबर. तोही सगळ्या प्रिंटरांना सारखा नाही. मागून उभा कागद घेणाऱ्याचा वेगळा, खालच्या ट्रेतून घेऊन वर पालथा टाकणाऱ्याचा वेगळा. काही भित्री माणसं एका कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बाण काढतात, तेवढा एकच कागद सोडून कुठलं अंग छापलं गेलं ते बघतात आणि ट्रेवर तशी चिठ्ठी डकवून ठेवतात. त्यांचा प्रश्न जन्मात एकदाच सुटतो. अशाने आयुष्यात काही थरारच राहत नाही. तुम्ही थेट अख्खा गठ्ठा लावा. २७ पानांचा अहवाल, ४० प्रती. चला.

पानं विषम असली तर दुधात साखर. २७ पानांत विषम पानं १४, सम १३. शेवटचा कागद मागून कोराच राहणार असतो, म्हणून सम पानं उलट्या क्रमाने छापायच्या आधी तो वरचा कागद बाजूला काढायचा असतो. काढू नका. मग २६वं पान २७व्याच्या पाठीवर जाऊन बसतं, २४वं २५व्याच्या, आणि हे असं दोन नंबरचं पान तिसऱ्याच्या पाठीवर जाईपर्यंत शिस्तीत चालतं. प्रत्येक कागद सुबक, प्रत्येक अक्षर ठळक आणि अख्खा अहवाल रद्दी.

लाँग एज आणि शॉर्ट एज यांतलं जे नाव कानाला गोड लागेल ते घ्या. (पान लांब कडेवर उलटायचं की आखूड, एवढाच प्रश्न. उभ्या पानाला लाँग एज. भिंतीला टांगायचं असेल तर शॉर्ट एज. पण हे समजून घेतलंत तर ताळेबंदावर चर्चा सुरू झाल्यावर अर्धी सभा हातातला कागद गरागरा फिरवतेय, हे दृश्य बघायला मिळणार नाही.)

कागदाचं रीम पावसाळ्यात उघडं ठेवा, जमलं तर खिडकीशी. कागद हवेतली ओल पितो. लेझर प्रिंटरमधला फ्यूझर, म्हणजे शाईची पूड कागदावर पक्की करणारा, २०० अंशांच्या आसपास तापलेला भाग, त्याला भाजून काढतो, ती ओल उडून जाते आणि कागद कडा उचलून वळतो. असा वळलेला कागद दुसऱ्या फेरीला आत शिरताना एकतर अडकतो, नाहीतर शेजारच्यालाही सोबत घेऊन जातो. दोन कागद एकदम गेले की तिथून पुढच्या सगळ्या पानांची पाठ चुकली. हे कळतं गठ्ठा संपल्यावर, कारण तुम्ही चहा टाकायला गेलेले असता. इंक टँकवाला प्रिंटर असेल तर कागद सगळ्यात पातळ आणा. मागचा ताळेबंद पुढच्या अहवालातूनच वाचता येतो. पान उलटायचे कष्ट वाचले.

कागदाचा आकार कंप्युटरवर ‘लेटर’ (हे अमेरिकी माप) आणि ट्रेमध्ये ए-फोर, ही जोडी मोडू नका.

आता ऑटो ड्युप्लेक्स. पहिली बाजू छापून कागद बाहेर येतो, थबकतो, आणि शेजारणीने पुढे केलेली वाटी काहीतरी आठवून मागे घ्यावी तसा परत आत जातो. तो थबकला की खसकन ओढून काढा. घरात या कामाला कुणी ना कुणी तत्पर असतंच, आमच्याकडे वडील. “अडकला होता, काढला,” असं म्हणून ते अर्धा कागद आपल्या हातात देतात. उरलेला कोपरा रोलरमध्ये. शाई वाळावी म्हणून ते यंत्र क्षणभर थांबतं, हे त्यांना सांगून पाहिलं. “मग बाहेर कशाला येतं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

पण वडिलांच्या हाती कागद लागायला आधी ते ड्युप्लेक्स चालू तर व्हायला हवं! माझ्या प्रिंटरच्या खोक्यावर ऑटो ड्युप्लेक्स लिहिलेलं. बिलावर लिहिलेलं. यंत्राच्या कपाळावर स्टिकर. आणि कंप्युटरवरून छापायला गेलो की दोन्ही बाजूंचा पर्याय गायब. फिका होऊन बसलाय असंही नाही, नाहीच तो. अशा वेळी हेल्पलाइनला फोन करावा. भाषा निवडावी. प्रिंटर, लॅपटॉप की अन्य, ते निवडावं. मग गाणं ऐकावं. मग एक अतिशय नम्र मुलगा येतो आणि सीरियल नंबर विचारतो. हा नंबर प्रिंटरच्या पाठीमागे, अगदी तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा टायपात असतो. मोबाइलने फोटो काढून मोठा केल्याशिवाय तो वाचता येत नाही, आणि मोबाइल तर कानाला. कसाबसा सांगावा. मग तो म्हणतो, “सर, ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, अनइन्स्टॉल करून रीइन्स्टॉल करा.” करावा. आता यादीत दोन प्रिंटर दिसतात, एक आपला आणि दुसरा आपलाच, पण ‘कॉपी वन’ नावाचा. पहिला ऑफलाइन. दुसरा छापतो, एकाच बाजूने. परत फोन, परत भाषा, परत गाणं. आता दुसरा मुलगा, तितकाच नम्र. परत सीरियल नंबर. “सर, केबल बदलून बघा.” अरे, केबल सदोष असती तर एक बाजू तरी कशी छापली असती? केबलमधून काय पानाची फक्त पुढची बाजू येते? “सर, कागद कुठल्या कंपनीचा वापरता?” कागद! पर्याय पडद्यावर दिसत नाही, आणि हे मला कागदाची कंपनी विचारतायत! “सर, इंजिनीअर व्हिजिट लावतो, पण प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा निघाला तर व्हिजिटचा चार्ज पडेल.” व्हिजिटही झाली, चार्जही पडला.

त्याच आठवड्यात शेजारची नववीतली मुलगी शाळेचा प्रकल्प छापायला आली. तिने मोबाइलवरून, वायफायने, त्याच प्रिंटरला फाइल पाठवली. दोन्ही बाजूंनी. पहिल्या फटक्यात. पानाचं डोकं जिथल्या तिथे. मी बघतच राहिलो.

म्हणजे यंत्राला येत होतं! मोबाइल सरळ प्रिंटरलाच विचारतो, बाबा रे, तुला काय काय जमतं? आणि प्रिंटर खरं ते सांगतो. माझ्या कंप्युटरवरचा कंपनीचा ड्रायव्हर मात्र विचारायची तसदीच घेत नव्हता, त्याला बनवताना जे लिहून दिलं तेच तो धरून बसला होता. काय लिहून दिलं होतं, ते शेवटी सापडलं. प्रिंटरच्या नावावर गेलात की ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ दिसतं आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ दिसतं. प्रेफरन्सेसमध्ये सगळं असतं, हवं ते सोडून. प्रॉपर्टीजमध्ये जायचं, तिथे पार टोकाचा ‘डिव्हाइस सेटिंग्ज’चा टॅब उघडायचा, खाली खाली सरकत ‘इन्स्टॉलेबल ऑप्शन्स’ शोधायचं, आणि त्याच्या पोटात एक ओळ: ‘ड्युप्लेक्स युनिट: नॉट इन्स्टॉल्ड’.

नॉट इन्स्टॉल्ड! अहो, ते युनिट तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच माणसांनी, तुमच्याच स्क्रूंनी त्या डब्यात बसवलंय. त्याचे वेगळे पैसे तुम्ही माझ्याकडून घेतलेत. मी काय ते काढून गॅलरीत वाळत घातलंय? ‘इन्स्टॉल्ड’ निवडलं, ओके दाबलं, पर्याय हजर. दहा सेकंदांचं काम. आणि ते तुमच्या नम्र मुलांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

असो. आपण सल्ला देत होतो.

रांगेत अडकलेलं काम ‘डिलीटिंग’ म्हणत तासभर बसून राहिलं तर त्याच्याकडे मायेने बघत राहा. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा) थांबवायचा, विंडोजच्या सिस्टम३२मधल्या स्पूल फोल्डरच्या आत ‘प्रिंटर्स’ नावाचा फोल्डर असतो त्यातल्या फाइली पुसायच्या, स्पूलर पुन्हा चालू करायचा, हा मार्ग वर्ज्य समजा. त्याने काम होतं.

कुणी ‘बंद करून परत चालू केलंस का?’ असं विचारलं तर त्याला चहा पाजा आणि लवकर घालवा.

आणि ‘एवढा त्रास कशाला, पीडीएफ ग्रुपवर टाका की’ म्हणणारे भेटतीलच. त्यांना आमच्या इमारतीतल्या ऐंशीच्या पुढच्या सभासदांकडे पाठवा. ते ताळेबंदाच्या प्रत्येक आकड्यावर लाल पेनाने खूण करतात आणि सभेत पहिला प्रश्न तेच विचारतात. मोबाइलच्या पडद्यावर लाल पेन चालत नाही. पानं उलटसुलट लागली तर ती चूक ‘व्यवस्थापन समितीचा सावळागोंधळ’ म्हणून इतिवृत्तात जाते, आणि ते इतिवृत्त पुढच्या वर्षी परत मलाच छापायचं असतं. पाठपोट.

नाही, पुरे झाला उपरोध. सरळच बोलतो.

प्रिंटर बनवणाऱ्यांनो, छपाईचं गूढ तुम्ही केव्हाच सोडवलंत. केसाहून बारीक ठिपका कागदावर नेमका कुठे पडावा, हे तुमच्या यंत्राला कळतं. मग कागद कुठल्या बाजूने ठेवायचा, एवढं एक चित्र ट्रेच्या तोंडाशी ठळक छापायला तुमच्या पोटात का दुखतं? छापता तेही काळ्या प्लास्टिकवर काळंच, उठाव दिलेलं, टॉर्च मारल्याशिवाय न दिसणारं. ‘कागद परत ठेवा’ हा निरोप दाखवताना तुमच्याच ड्रायव्हरला ठाऊक असतं की समोर कुठलं मॉडेल आहे. मग ‘छापलेली बाजू खाली, डोकं आत’ एवढे पाच शब्द त्यात का नाहीत? विकताना ड्युप्लेक्सचे पैसे घ्यायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये ते ‘नॉट इन्स्टॉल्ड’ ठेवून द्यायचं, याला आळस म्हणायचं की बेफिकिरी, ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते दोन्ही.

हेल्पलाइनवरच्या मुलांना मी बोलणार नाही. त्यांच्यापुढे जो कागद ठेवलाय तोच ते वाचतात. तो कागद ज्याने लिहिला, त्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या घरी, स्वतःच्या पैशाने आणलेल्या प्रिंटरवर अहवालाच्या ४० प्रती काढून बघाव्यात, रात्री, पाऊस पडत असताना, उद्या नोटीस वाटायची असताना. मग त्या कागदावर पहिला प्रश्न ‘सीरियल नंबर काय?’ हा राहणार नाही. ‘डिव्हाइस सेटिंग्जमध्ये काय दिसतंय?’ हा येईल.

तुमच्या त्या एका ओळीपायी माझ्या घरात इतके पाठकोरे कागद साठलेत की सोसायटीतल्या समस्त पोरांना शाळा संपेपर्यंत चित्रं काढायला पुरतील. तेव्हा पुढच्या खोक्यावर हिरवं पान काढून ‘झाडं वाचवा’ छापायच्या आधी ती ओळ बदला. आणि ते व्हिजिट चार्जचे पैसे परत करा.