सशिणीला राग का येत नाही

लहान मुलांना भावना समजाव्यात म्हणून जी चित्रांची पुस्तकं मिळतात ना, राग आला तर काय करायचं, अंधाराची भीती, शाळेचा पहिला दिवस, घरात नवीन बाळ वगैरे, ती मुलांसाठी असतात असं उगाच म्हणतात. ती आईबापाचा अंत बघायला काढलेली असतात.

त्यातली आई बघा. शक्यतो सशीण नाहीतर अस्वलीण. पिल्लू फरशीवर लोळतंय, वाटी उपडी पडलीये, आणि ही बया शांतपणे खाली बसून विचारते, "तुला राग आलाय का रे सोन्या?" हिचं दूध कधी उतू जात नाही, हिला कुठे वेळेत पोचायचं नसतं, आणि अ‍ॅप्रनवर एक डाग नाही!

बरं, ही पुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात कारण छापताना मोठा कागद दुमडून सोळा सोळा पानांचे फर्मे होतात, दोन फर्म्यांत पुस्तक उरकतं, म्हणजे पिल्लाला तिसाव्या पानापर्यंत शांत होण्यावाचून पर्यायच नसतो. आमच्या चिरंजीवांना फर्म्याचं बंधन नाही.

त्यापेक्षा मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' मला बरं वाटतं. 1963 चं आहे. त्यातला मॅक्स इतका उच्छाद मांडतो की आई त्याला न जेवताच झोपायला पाठवते, आणि ही आई अख्ख्या पुस्तकात एकाही चित्रात दिसत नाही. शेवटी खोलीत त्याचं जेवण तेवढं गरम गरम येऊन बसलेलं असतं. ही खरी बाई! पण आमच्याकडे फर्माईश सशिणीचीच, रोज रात्री, तेच पुस्तक. झोप अनावर होऊन दोन पानं गुपचूप एकदम उलटली की अक्षरओळख शून्य असलेला प्राणी ताडकन उठून बसतो, "आई, तो रडतो ते राहिलं!"

आणि एवढं वाचून पठ्ठ्या शिकला काय, तर "दात घास" म्हटलं की "आई, मला आत्ता निराश वाटतंय." खेळणी आवर म्हटलं की "मला थोडा वेळ एकटं राहायचंय." आता यावर ओरडायचं तरी कसं, सशीण ओरडत नाही ना!

परवा सकाळी मात्र "बूट घाल, बूट घाल" करता करता माझा आवाज चढलाच. त्याने शांतपणे माझ्या गालावर हात ठेवला. "आई, तुला राग आलाय. फुलाचा वास घे, मग मेणबत्ती विझव." पुस्तकातलाच व्यायाम, श्वास आत, श्वास बाहेर. आतल्या खोलीतून नवऱ्याच्या हसण्याचा आवाज. मी निमूट वास घेतला, फुंकर मारली.

"विझली नाही," तो म्हणाला, "परत."

बूट तसेच दारात.