रानतेरडा उपटू नका, बी आणा

पाऊस स्थिरावला की दरवर्षी एक मेसेज फिरतो: 'रानातला तेरडा फुलावर असताना मुळासकट आणून कुंडीत लावा, भरपूर शेणखत घाला, रोज पाणी द्या, वर्षभर फुलेल.' ऐकून झाडं आणणाऱ्यांची फसगत होतेच, रानाचंही नुकसान होतं.

'वर्षभर फुलेल.' नाही फुलणार. तेरडा हंगामी आहे. पहिल्या पावसात उगवतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो, बी टाकतो आणि पाऊस सरला की वाळतो. रोग पडला समजून औषधं मारू नका.

'फुलावर असताना मुळासकट आणा.' खोड पाणीदार, मुळं वरवरची. उपटलेलं रोप दुपारपर्यंत माना टाकतं. जगलंच तर थोडे आठवडे. पण तिथे पडणारं बी गेलं, आणि हंगामी झाडाचं पुढचं वर्ष त्या बियांतच असतं. कासच्या पठारावरून तर काडीही आणू नका. ते राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारशातलं.

मग गौर कशी आणता, असं कोणी विचारेल. कोकणात तेरड्याची गौर मुळासकटच येते, मुळं म्हणजे तिची पावलं. मीही आणते. पण बांधावरची चार-पाच रोपं, आणि मागे अख्खा बांध फुललेला असतो. गाडीची डिकी भरून आणणं वेगळं.

कुंडीत हवा असेल तर बी धरा. पिकत आलेलं बोंड फुगीर, लवदार, फिकट हिरवं दिसतं. ते मुठीत घेऊन हलकेच दाबा. तट्कन फुटतं, साली आत वळून सुरळ्या होतात आणि तळहातावर गोल तपकिरी बिया उरतात. मूठ सैल असली तर बिया अंगणभर! दहा बोंडं पुष्कळ झाली. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, पहिल्या पावसाला पेरा, वर जेमतेम नखभर माती.

'भरपूर शेणखत.' एकदा माझ्या कुंडीत खत जास्त झालं. रोप पानांनीच भरलं, फुलं मोजकी, आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात आडवं झालं. मूठभर जुनं खत पुरतं.

'रोज पाणी.' पावसाळ्यात? कुंडीत पाणी साचलं की बुंधा सडतो. तीन-चार दिवस उघडीप पडली तरच द्या.

शेवटची दोन-चार बोंडं झाडावरच फुटू द्या. पुढल्या जूनमध्ये त्याच कुंडीत रोपं आपसूक उगवतील.