कोर्स पूर्ण करा म्हणता, पण सुरू कशाला केला?

अँटिबायोटिक्सचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "लोक कोर्स अर्धवट सोडतात ना, म्हणून हे रेझिस्टन्सचं झालंय." परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. (रेझिस्टन्स म्हणजे जंतूंवर औषध चालेनासं होणं.) सगळ्यांनी अंगठे टाकले, विषय संपला. मी तिथे गप्प बसले, कारण त्या ग्रुपवर टँकर आणि पार्किंग सोडून काहीही लिहिलं की ॲडमिन काका चिडतात. म्हणून इथे लिहितेय, आणि लांबलचक लिहितेय. वेळ नसेल तर पुढे जा.

मी पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजीचं काम बघते. लघवी, थुंकी, पू, रक्त, तुम्ही जे काही कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला देता ते माझ्या टेबलावर येतं. या टेबलावरून जे दिसतं त्यावरून माझं मत असं झालंय की अर्धवट कोर्सवाल्या पेशंटला आरोपी करून बाकीचे सगळे सहीसलामत सुटलेत. गोळी लवकर थांबवण्यापेक्षा ती नको तिथे सुरू करण्यानं जास्त वाट लागलीय.

आधी ही औषधं करतात काय ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल.

पॅरासिटामॉल तुमच्या शरीरावर काम करतं. अँटिबायोटिकचं गिऱ्हाईक जंतू. जंतूकडे आहे आणि आपल्याकडे नाही, अशी जागा शोधून ते तिथेच घाव घालतं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही मंडळी बॅक्टेरियाच्या भिंतीला धरतात. बॅक्टेरियाभोवती पेप्टिडोग्लायकनचं जाळं असतं आणि वाढायचं असेल तर ते सतत थोडं उसवून परत शिवावं लागतं. हे टाके घालणारी जी एन्झाइम्स असतात त्यांनाच पेनिसिलिन जाऊन चिकटतं. उसवणं चालू राहतं, शिवणं बंद पडतं. आतला दाब इतका असतो की भिंत फुटून जंतू मरतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून जंतू मारणारा डोस आपल्याला सहसा काही करत नाही. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जंतूच्या रायबोसोमवर बसतात आणि प्रथिनं बनणं बंद पाडतात. आपल्या पेशीतले रायबोसोम वेगळ्या घडणीचे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला अडकवतं.

आता व्हायरस बघा. त्याला ना ही भिंत, ना स्वतःचे रायबोसोम. आपल्याच पेशीत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. अँटिबायोटिकला घाव घालायला जागाच नाही. देशातली विषाणूंवरची सगळ्यात मोठी संस्था, एनआयव्ही, आपल्या पुण्यात आहे आणि व्हायरल सर्दीवर अझिथ्रोमायसिन खाणारेही पुण्यात काही कमी नाहीत. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध येत नाही, एवढंच.

रेझिस्टन्स कसा येतो? ई. कोलायला खाणं आणि ऊब मिळाली तर साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात. इतक्या पिढ्या म्हटल्यावर डीएनएची नक्कल करताना चुका होणारच. त्यातली एखादी चूक औषधाची बसायची जागा बदलते, एखादी औषध बाहेर फेकणारा पंप जास्त चालवते. काही जंतूंकडे तर औषध तोडणारं एन्झाइमच असतं. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं, पेनिसिलिन बाजारात यायच्याही आधी. नवल नाही. बुरशी आणि मातीतले जंतू ही रसायनं आपल्या कितीतरी आधीपासून बनवत आलेत, तेव्हा त्यांच्यावरचे तोडगेही तेवढेच जुने. शिवाय ही जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देऊन टाकतो. दुसरा त्याच्या जातीचाच असला पाहिजे असंही नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळं घडतं कुठे? आपल्याला वाटतं, घसा दुखतोय तर लढाई घशात चाललीय. पण गोळी पोटात जाते, रक्तात जाते, सगळीकडे जाते. आतड्यात ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरे मंडळी सुखाने नांदत असतात, त्या घशाशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. गोळीनं त्यांच्यातले साधे मरतात, आणि जे थोडे रेझिस्टंट असतात त्यांना मोकळं रान मिळतं. तुम्हाला काही जाणवत नाही, घसा तर तसाही चार दिवसांत बरा होणारच होता. पुढे काही महिन्यांनी लघवीला जळजळ होते, तेव्हा त्याच आतड्यातला जंतू मूत्रमार्गात पोचलेला असतो आणि तुमचं सँपल माझ्याकडे येतं.

म्हणून सांगते, व्हायरल तापावर चुकून सुरू झालेला पाच दिवसांचा कोर्स "पूर्ण" केल्याने जास्तीचे दिवस आतड्यातल्या जंतूंची चाळणी लागते, बाकी हाती काही लागत नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं की कोर्स पूर्ण केला नाही की रेझिस्टन्स येतो, या समजुतीला बहुतेक आजारांत फारसा आधार नाही. गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्यानेच तो वाढतो. कमी डोसमुळे जंतू सरावतात, हा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल भाषणात दिला होता आणि तो चुकीचा नव्हता. पण त्यातून आपण "एकदा सुरू केलं की शेवटच्या गोळीपर्यंत खा" एवढंच उचललं, आणि "सुरू करायचं का?" हा प्रश्न कुणी विचारेनासं झालं.

थांबा, यावरून कुणी उद्या आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. किती दिवस घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि बरं वाटत असेल तर "आता थांबवू का?" हे त्यांना विचारायला हरकत नाही. टीबीची गोष्ट तर पूर्ण वेगळी. तिथे रेझिस्टन्स त्याच टीबीच्या जंतूत तयार होतो, म्हणून एकाच वेळी अनेक औषधं देतात आणि नेहमीच्या टीबीत सहा महिने घ्यावीच लागतात. तिथे कोर्स म्हणजे कोर्स.

माझ्या टेबलावर काय दिसतं ते जरा जवळून दाखवते. म्युलर-हिंटन अगरची, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीची प्लेट, फिकट पिवळी, चार मिलिमीटर जाडीचा थर. पेशंटचा जंतू स्वॅबने तिच्यावर सगळीकडे सारखा फासायचा, वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये. सकाळी उघडली की जंतूचा दुधट थर पसरलेला असतो आणि जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल. तो पट्टीने मोजायचा. लघवीतल्या ई. कोलायला नायट्रोफ्युरँटॉइनचा गोल १७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आला की रिपोर्टवर "एस", म्हणजे औषध चालेल. चकती स्वतः ६ मिलिमीटरची असते. जंतू थेट तिच्या कडेला भिडेपर्यंत वाढला असेल तर रजिस्टरमध्ये ६ लिहायचं, म्हणजे गोल नाहीच. (मोठ्या लॅबमध्ये हे आता मशीन करतं. मला अजून प्लेटच आवडते.) सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ६, सेफिक्झिमसमोर ६ हे लिहिताना आता हातसुद्धा थबकत नाही. त्यातल्या कितीतरी पेशंट कधी हॉस्पिटलात ॲडमिट झालेल्या नसतात. घरातल्याच बायका.

आणि हे वाचायला मिळालं तर नशीब. कारण काउंटरवरचा संवाद बहुतेक वेळा असा होतो.

"काकू, अँटिबायोटिक चालू आहे का?"

"हो, परवापासून घेतेय. मेडिकलवाल्यानं दिलंय. फरक पडेना म्हणून डॉक्टरांकडे गेले, त्यांनी हे सांगितलं."

"कुठलं घेताय?"

"अगं, ती लांबट पांढरी गोळी नाही का..."

दोन दिवस गोळी घेऊन झाल्यावर दिलेल्या सँपलमध्ये जंतू उगवतीलच असं नाही. रिपोर्ट जातो "नो ग्रोथ". याचा अर्थ इन्फेक्शन नव्हतं असाही होतो, किंवा होतं पण गोळीनं अर्धवट दबलंय असाही होतो. डॉक्टर काय करणार? त्रास तर आहेच. मग एक पायरी वरचं औषध. असं अंदाजानं वर चढत चढत आपण मेरोपेनेमपर्यंत, म्हणजे गंभीर इन्फेक्शनसाठी राखून ठेवायच्या औषधापर्यंत पोचलो. त्यावरही तोडगा निघाला, एनडीएम नावाचं एन्झाइम (यातलं 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही). भारतात जाऊन आलेल्या एका पेशंटच्या क्लेबसिएलात ते २००८ साली स्वीडनमध्ये सापडलं, आणि न्यू डेल्हीचं नाव कायमचं चिकटलं. त्याच्यापुढे राहतं कोलिस्टिन, जे किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी एकेकाळी बाजूला टाकलेलं औषध. अशा मोजक्या गोष्टी उरल्यात. २०१९ या एका वर्षात जगभरात साधारण १२ लाख ७० हजार मृत्यू थेट रेझिस्टंट बॅक्टेरियामुळे झाले, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे.

यात मी डॉक्टरांना झोडपणार नाही. ओपीडीत बाहेर तीस माणसं बसलेली. समोरच्याला उद्या हिंजवडीत हजर व्हायचंय, पोरीची परीक्षा आहे, रजा शिल्लक नाही. कल्चरला हजाराच्या आसपास पैसे आणि वर दोन-तीन दिवसांची वाट. अझिथ्रोमायसिनची पट्टी शंभर-सव्वाशेत येते आणि काहीतरी केल्याचं समाधान लगेच मिळतं. नुसता "आराम करा, भरपूर पाणी प्या" म्हणणारा डॉक्टर आपल्याला आवडत नाही, पुढच्या वेळी आपण दुसऱ्याकडे जातो. सरळ सांगायचं तर पुण्यात अँटिबायोटिक बऱ्याचदा रजेच्या ऐवजी घेतलं जातं.

पेशंट गंभीर असेल, सेप्सिसची (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागल्याची) शंका असेल, तर अर्थातच रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, औषध लगेच. पण तिथेही पहिल्या डोसच्या आधी ब्लड कल्चरच्या बाटल्या भरून घ्यायला काही मिनिटंच लागतात. ती काही मिनिटं काढली जातात की नाही, यावर पुढचा सगळा आठवडा ठरतो.

कायद्याचं म्हणाल तर १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सेफिक्झिम, मेरोपेनेमसारखी औषधं विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. अझिथ्रोमायसिन त्या यादीत नाही, पण ते शेड्यूल एचमध्ये आहेच, म्हणजे चिठ्ठीशिवाय तेही देता येत नाही. पट्टीवरची लाल रेघ त्यासाठीच. केरळनं २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' काढून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक धाडी घातल्या. आपल्याकडे रात्री दहाला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "घशासाठी काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणून बघा, काय मिळतं ते. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, तेव्हा स्वतःचं पेनिसिलिन बनवणं ही देशाच्या अभिमानाची गोष्ट होती. त्याच शहरात आता ही औषधं खोकल्याच्या गोळीसारखी पुडीतून मिळतात.

आणखी एक गोष्ट, जी या चर्चेत कुणी काढत नाही. जे इन्फेक्शन झालंच नाही त्याला अँटिबायोटिक लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बारी सिंड्रोमचे (यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट वाढले, तेव्हा बऱ्याच जणांना कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू, ज्याच्यामागून हा आजार होऊ शकतो, पहिल्यांदा ऐकायला मिळाला आणि बोट पाण्याकडे गेलं. जुलाब, टायफॉइड, कावीळ हे सगळं त्याच नळातून येतं. यातल्या काविळीवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही आणि साध्या जुलाबावरही सहसा नाही, पण गोळी मात्र सगळ्यावर सुरू होते. नळातल्या पाण्यात पुरेसं क्लोरीन असणं हा रेझिस्टन्सवरचा उपाय आहे, हे महापालिकेच्या निवडणुकीत कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. लसींचंही तेच. टायफॉइडची, न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूची), अगदी फ्लूचीसुद्धा लस घेतली की तेवढे ताप टळतात आणि तेवढ्या पट्ट्या वाचतात. नवी मुंबईने २०१८ मध्ये टायफॉइडची लस महापालिकेतर्फे मुलांना दिली. लसींच्या गावात राहून आपण हे का मागत नाही, मला कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर एवढंच विचारा: "हे बॅक्टेरियाचंच आहे असं तुम्हाला वाटतंय का? आणि कल्चर पाठवायचं असेल तर पहिली गोळी घ्यायच्या आधी पाठवू का?" चांगले डॉक्टर चिडत नाहीत. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे तर खूश होतात, कारण त्यांनाही नको ते लिहायची इच्छा नसते.

आणि हो, कमेंटमध्ये किंवा इनबॉक्समध्ये आपापल्या रिपोर्टचे फोटो पाठवू नका, मी डॉक्टर नाही. विशेषतः काही त्रास नसताना हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये लघवीचं कल्चर झालं आणि त्यात ई. कोलाय निघाला, म्हणून घाबरून लिहिणारे. अशा वेळी बहुतेकांना औषध लागतच नाही. गरोदर बायका आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचंय असे पेशंट हे मुख्य अपवाद. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, मेडिकलमध्ये नको. पॅकेजमध्ये ती टेस्ट कुणी आणि का घातली, यावर वेगळी पोस्ट लिहीन. त्यात आमच्या धंद्याचीही अंडीपिल्ली निघतील.